कर्ण्याची झाली नळी

आमच्या बचत गटातली एक सून गेल्या वर्षी दुपारच्या वेळी माझ्याकडे आली, ती हातात मोठा पिवळा लिफाफा घेऊनच. लग्नाला चार वर्षं झालेली, अजून मूल नाही. जिल्ह्याच्या गावी जाऊन तिनं तो फोटो काढून आणला होता. गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात ना, तो. तिथल्या डॉक्टरांनी एका बाजूची ट्यूब ब्लॉक आहे एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ट्यूब म्हणजे काय गं? हिला सांगता येईना. सासूबाईंच्या लेखी ट्यूब दोनच, एक सायकलच्या चाकातली आणि एक छताला लावायची. शेजारच्या काकूंनी तर तपासताना डॉक्टरांचीच काहीतरी नळी पोटात राहून गेली असेल, असा निष्कर्ष काढून टाकला. संध्याकाळपर्यंत आळीत बातमी पोचली आणि हिला माहेरी पाठवायची भाषा सुरू झाली.

मी तिला समजावलं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या असतात, त्यातून बीज येतं, तिलाच ट्यूब म्हणतात. एक बंद असली तरी दुसरी उघडी आहे, घाबरू नकोस वगैरे. ती जरा सावरली. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, काकू, आणि हा पहिला शब्द काय? तिथे लिहिलं होतं, फॅलोपियन. मी ठोकून दिलं, असेल काहीतरी औषधाच्या भाषेतलं.

रात्री मात्र झोप येईना. पंधरा-सोळा वर्षं मी बायकांना घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढते आहे. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत ऑपरेशनच्या आधी त्यांचे हात धरून बसले आहे. ते ऑपरेशन करतात ते याच नळ्यांचं. आणि नळीच्या नावाचा अर्थ मला ठाऊक नाही! मी बी.ए. झाले ती इतिहास घेऊन, शास्त्राशी माझं काही देणंघेणं नाही, पण शब्द म्हटला की मला राहवत नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन जाड इंग्रजी शब्दकोश काढला. आणि मैत्रिणींनो, पाहते तो काय, फॅलोपियन हे एका माणसाच्या नावावरून आलेलं विशेषण! जगातल्या प्रत्येक बाईच्या पोटात उजवीकडे एकदा आणि डावीकडे एकदा, एका पुरुषाचं नाव लिहून ठेवलेलं आहे. मग मला त्या माणसाचाच नाद लागला.

त्याचं नाव गॅब्रिएले फालोपिओ. लॅटिन पुस्तकात त्याचं फालोपिउस झालं आणि त्यावरून इंग्रजांनी फॅलोपियन केलं. जन्म १५२३ च्या सुमाराचा, उत्तर इटलीतल्या मोदेना गावचा. घराणं नावाला मोठं, पण खिसा रिकामा. त्यातून वडील लहानपणीच गेले. बापाविना पोराचं शिक्षण म्हणजे काय ओढाताण असते ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे अशी मुलं वार लावून जेवायची आणि शिकायची. त्या काळच्या इटलीत चर्चचा आसरा घ्यायची. फालोपिओही चर्चमध्ये शिरला आणि १५४२ मध्ये मोदेनाच्या मुख्य चर्चमध्ये त्याला पद मिळालं. पोटापाण्याची सोय झाली. ओढा मात्र वैद्यकाकडे.

सुरुवातीला त्यानं शस्त्रक्रियाही करून पाहिल्या. तेव्हा ना भूल, ना जंतुनाशक. त्याच्या हातचे काही रोगी दगावले आणि त्यानं चाकू खाली ठेवला. हे वाचून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. आपल्याला जमत नाही हे ओळखून थांबणारे डॉक्टर आजही कमीच भेटतात. नंतर तो जवळच्या फेरारा गावी रीतसर वैद्यक शिकला, तिथेच शिकवू लागला, तिथून पिसाच्या विद्यापीठात गेला आणि १५५१ मध्ये पादुआला आला. पादुआ म्हणजे व्हेनिसच्या राज्यातलं त्या काळातलं वैद्यकाचं सगळ्यांत नावाजलेलं विद्यापीठ. तिथे शरीरशास्त्र, शस्त्रक्रिया आणि औषधी वनस्पती हे तिन्ही विषय याच्याच गळ्यात. वय अवघं अठ्ठावीस.

आता त्या काळाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर या माणसानं केलं काय ते कळणार नाही. तेराशे वर्षं युरोपातले वैद्य गेलेन नावाच्या प्राचीन वैद्याचं पुस्तक प्रमाण मानत होते. गेलेननं चिरफाड केली होती ती माकडांची, डुकरांची. माणसाच्या प्रेताला हात लावायची त्याच्या काळी सोयच नव्हती. पण पुस्तकात लिहिलंय ना, मग माणसाच्या शरीरातही तसंच असणार! बायकांच्या बाबतीत तर आणखी गंमत. बाई म्हणजे उलटा केलेला पुरुष, पुरुषाचे जे अवयव बाहेर तेच हिचे आत राहिलेले, अशी पक्की समजूत होती. आज आपण ज्याला अंडाशय म्हणतो त्याला तेव्हाचे विद्वान बाईचं वृषण म्हणत. तिच्या शरीराला स्वतःचं असं नाव द्यावं, हे कुणाच्या मनातही येत नव्हतं.

१५४३ मध्ये आंद्रेआस व्हेसालियस या पादुआच्याच प्राध्यापकानं स्वतः माणसांची प्रेतं फाडून, चित्रांसह मोठा ग्रंथ काढला आणि गेलेनच्या शेकडो चुका दाखवल्या. मोठी खळबळ उडाली. फालोपिओ तेव्हा विशीत होता. तो त्या ग्रंथावरच वाढला म्हणायला हरकत नाही. आणि पुढे त्या ग्रंथातल्याही चुका त्यालाच दिसायला लागल्या.

चिरफाडीसाठी प्रेतं यायची ती बहुतेक फाशी दिलेल्या गुन्हेगारांची किंवा इस्पितळात बेवारस मेलेल्यांची. त्यात बाई क्वचित. थंडीच्याच दिवसांत हे काम चालायचं, कारण उन्हाळ्यात प्रेत टिकणार कसं? अशा क्वचित मिळालेल्या, नाव-गाव नसलेल्या बायकांच्या देहांवरून आपल्या पोटातला नकाशा तयार झाला आहे. फालोपिओचं नाव राहिलं. त्या बायकांपैकी एकीचंही नाव कुठे नाही.

इथे एक गोष्ट मला लिहायलाच हवी, जरी त्यामुळे माझ्या या चरित्रनायकाची पत कमी झाली तरी. पिसाला असताना तिथला ड्यूक फाशीची शिक्षा झालेले कैदी शरीरशास्त्राच्या कामासाठी द्यायचा आणि त्यांना कसं मारायचं ते अभ्यासकांवर सोपवायचा. फालोपिओच्याच लेखनात एका कैद्याची हकिगत आहे. त्याला अफूचा मोठा डोस दिला. पण त्याला चौथारा ताप येत असे, तो नेमका तेव्हा भरला आणि अफू चढलीच नाही. तो वाचला. हर्षभरित होऊन त्यानं विनवलं की पुन्हा एकदा द्या आणि याही वेळी जगलो तर ड्यूककडे माझ्या माफीसाठी रदबदली करा. दुसऱ्यांदा अफू दिली आणि तो मेला. बस्स, एवढंच. फालोपिओनं ते लिहिलं आहे अफूचा आणि तापाचा संबंध सांगण्यासाठी, अपराधाची कबुली म्हणून नव्हे. जिवंत माणसं फाडल्याचा आरोपही पुढे लोकांनी त्याच्यावर केला, तो काही खरा धरण्यासारखा नाही. पण ही अफूची हकिगत मी वाचली त्या दिवशी वही मिटून ठेवली होती. आठ-दहा दिवस पुढे काही वाचलं नाही. त्या काळी तसंच चालायचं हे मला कळतं. तरीही.

१५६१ मध्ये त्याचं पुस्तक व्हेनिसला छापलं गेलं. त्याच्या हयातीत निघालेलं हे एकमेव पुस्तक. नाव साधं, शरीररचनेची निरीक्षणं अशा अर्थाचं. एकही चित्र नाही. व्हेसालियसच्या ग्रंथातलं काय सुटलं, काय चुकलं ते एकेक घेऊन सांगितलं आहे. आणि सांगण्याची रीत अशी की चूक दाखवताना व्हेसालियसचा मान कुठेही ढळू दिलेला नाही, उलट त्याला देवासमान मानलं आहे. वडीलधाऱ्यांची चूक दाखवायची आणि त्यांना दुखवायचंही नाही, ही कला आपल्या घराघरांतल्या सुनांना येते, पण विद्वानांना अवघड जाते.

त्यानं फक्त मोठ्या माणसांची नव्हे, तान्ह्या मुलांची, गर्भांचीही चिरफाड केली होती. त्यामुळे दुधाचे दात पडून त्याखालून पक्के दात कसे येतात हे तो नीट सांगू शकला. कानाच्या आतल्या रचनेवर तर त्याचं मोठं काम आहे. कानातून चेहऱ्याची नस जाते त्या वाटेलाही त्याचंच नाव मिळालं. कानाच्या मधल्या पोकळीला त्यानं नगाऱ्याची उपमा देऊन नाव दिलं. हा माणूस वाद्यांच्या भाषेत विचार करायचा की काय कोण जाणे, कारण आपल्या नळीलाही त्यानं वाद्याचंच नाव दिलं.

त्यानं पाहिलं ते असं. गर्भाशयाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून एकेक बारीक वाट निघते. सुरुवातीला अगदी अरुंद, पांढुरकी. पुढे वळणं घेत घेत रुंद होत जाते आणि शेवटी एकदम फुलते. त्या फुललेल्या तोंडाच्या कडा विरलेल्या कापडासारख्या, सुटसुट्या. आपल्या पदराला दशा असतात ना, अगदी तशा. त्या दशा बाजूला करून पाहिलं तर आत तोंड उघडं दिसतं. हा सगळा आकार त्याला पितळी तुतारीसारखा वाटला. तुतारी म्हणजे आपली वाकडी नव्हे, सरळ लांब, शेवटी कमळासारखी उमलणारी. आपल्याकडे देवळात असतो तो कर्णा डोळ्यांसमोर आणा. लॅटिनमध्ये अशा कर्ण्याला म्हणतात टूबा. म्हणून त्यानं नाव ठेवलं, गर्भाशयाचा टूबा. गर्भाशयाचा कर्णा!

आता पुढची मजा बघा. फ्रेंचांनी या शब्दाचं भाषांतर केलं, तेव्हा कर्ण्याचा कर्णाच ठेवला. ते आजही त्याला ट्रॉम्प म्हणजे तुतारी अशा अर्थानंच ओळखतात. इंग्रजांनी मात्र टूबाचं ट्यूब करून टाकलं. लॅटिनमध्ये नळीला टूबुस म्हणतात आणि कर्ण्याला टूबा, दोन्ही सख्खी भावंडं, पण अर्थ वेगळा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी पुस्तकांत फॅलोपियन हे विशेषण दिसू लागलं आणि फॅलोपियन ट्यूब ही जोडी पक्की झाली. म्हणजे जोडशब्दातला पहिला शब्द माणसाचा आणि दुसरा शब्द ऐकण्यातली गफलत. कर्ण्याची झाली नळी. नळी म्हटलं की दोन्हीकडे सारखी, पाण्याच्या पाइपासारखी वस्तू मनात येते. ब्लॉक झाली, उघडली, कापली, बांधली. तो फुललेला, झालरीचा कर्णा या शब्दातून गेलाच. त्या सुनेच्या सासूबाईंना सायकलची ट्यूब आठवली, त्यात त्या बिचारीची काय चूक? इंग्रजांनाही तीच आठवली असणार.

कर्णा मात्र एका आडवाटेनं परत आला. ग्रीक भाषेत तुतारीला म्हणतात साल्पिंक्स. डॉक्टरांना ग्रीक शब्दांची हौस. त्यामुळे नळीला सूज आली की साल्पिंजायटिस, नळी काढली की साल्पिंजेक्टमी. आणि त्या पिवळ्या लिफाफ्यावर जो लांबलचक शब्द होता, हिस्टेरोसाल्पिंगोग्राम, तो फोडला तर काय निघतं? हिस्टेरा म्हणजे गर्भाशय, साल्पिंक्स म्हणजे तुतारी, ग्राम म्हणजे रेखाटन. गर्भाशय आणि तुतारी यांचं चित्र. आपण याला एच.एस.जी. म्हणून मोकळे होतो.

जर्मन लोकांचा शब्द मला जास्त आवडला. ते त्याला आयलायटर म्हणतात, म्हणजे अंडं वाहून नेणारी. आपल्या मराठीतही अंडवाहिनी, बीजवाहिनी, गर्भनलिका असे शब्द आहेत. कामावरून पडलेली नावं. पण दवाखान्यात ते कुणी बोलत नाही. शाळेच्या पुस्तकात ती नावं राहतात आणि तो धडा बाई वर्गात घाईघाईनं उरकतात, नाहीतर घरी वाचून या म्हणतात. माझ्या वेळी तर दोन पानं चिकटवल्यासारखी वगळली होती. आता शरीरशास्त्राच्या जागतिक परिभाषेतही माणसांची नावं काढून टाकली आहेत. १९९८ मध्ये ठरलेल्या अधिकृत यादीत आपल्या नळीचं लॅटिन नाव गर्भाशयाचा टूबा असंच आहे, म्हणजे फालोपिओनं ठेवलं होतं तेच. त्याचं नाव गेलं आणि त्यानं ठेवलेलं नाव राहिलं. रिपोर्टांवर अजून तोच आहे, ते वेगळं.

पण खरं आश्चर्य पुढे आहे. या कर्ण्याचं काम काय ते खुद्द फालोपिओला ठाऊकच नव्हतं! त्याच्याही आधी, अठराशे वर्षांपूर्वी, अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस नावाच्या वैद्यानं या वाटा पाहिल्या होत्या, त्यालाही कळलं नव्हतं. फालोपिओनं वाट नीट पाहिली, नीट लिहिली. अंडाशयात पाण्यानं भरलेले बारीक फोडही त्याला दिसले. पण बाईच्या शरीरात बीज तयार होतं आणि ते या वाटेनं येतं, हे कळायला वेळ लागला. १६७२ मध्ये हॉलंडच्या रेग्निएर द ग्राफनं सशांवर प्रयोग करून ही वाट अंड्याची असल्याचं सांगितलं. प्रत्यक्ष अंडं डोळ्यांना दिसलं ते १८२७ मध्ये, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाला, तेही कुत्रीच्या पोटात. म्हणजे नाव दिल्यापासून अडीचशे वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर मूल होण्यात बाईचा वाटा नेमका किती, यावर पुरुष मंडळी वाद घालत होती. मूल न होण्यात मात्र सगळा वाटा तिचाच, यावर कुणाचा वाद नव्हता.

आज आपल्याला माहीत आहे की दहा-बारा सेंटिमीटरच्या त्या वाटेतच बीजाची आणि शुक्रजंतूची गाठ पडते. त्या दशा अंडाशयावरून फिरतात आणि सुटलेलं बीज पदरात घेतात. आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात, ते त्याला पुढे ढकलतात. गर्भ चार-पाच दिवस प्रवास करून गर्भाशयात पोचतो. वाटेतच अडकून वाढायला लागला तर नळी फुटते आणि बाईच्या जिवावर बेतते. माझ्या धाकट्या नणंदेला हे झालं होतं. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला भयंकर कळ आणि चक्कर. वेळेत टेबलावर घेतलं म्हणून आज ती आहे. अशी कळ आली तर ओव्याचा अर्क देत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

फालोपिओचं आणखी एक काम आहे, ते लिहावं की नाही असा मला प्रश्न पडला होता. पण एड्सच्या जनजागृतीत आम्ही बायकांनी गावोगाव चौकात उभं राहून जे बोललो, त्यापुढे हे काहीच नाही. त्याच्या काळात युरोपभर गरमीचा रोग पसरला होता. इटालियन त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत. आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतर हा रोग आला आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात त्याला फिरंग रोग असं नाव मिळालं. दुसऱ्याच्या नावावर रोग खपवायची सवय जगात सगळीकडे सारखीच. फालोपिओनं यावर उपाय सुचवला, पुरुषांनी वापरायच्या तागाच्या कापडाच्या आवरणाचा. मापानं शिवलेलं, औषधात भिजवून वाळवलेलं. अकराशे पुरुषांना वापरायला लावलं आणि एकालाही रोग झाला नाही, असा त्याचा दावा होता. हे त्याच्या मृत्यूनंतर, १५६४ मध्ये छापलं गेलं. निरोधसारख्या साधनाचं युरोपातलं हे पहिलं स्पष्ट लेखी वर्णन समजतात.

एकाच माणसानं दोन्हीकडे लक्ष घातलं. पुरुषांना कापडाची पिशवी दिली आणि बाईच्या कर्ण्याला नाव दिलं. आता आपल्याकडे काय झालं पाहा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांमध्ये बायकोचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याचं ऑपरेशन झालेली जोडपी किती? ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पोट उघडावं लागत नाही, तासाभरात घरी. तरी शिबिरात रांगेत कोण, तर आम्हीच. एकदा एका नवऱ्याला मी समजावत होते, तर त्याची आईच मधे पडली. माझा लेक कष्टाचं काम करतो, त्याला अशक्तपणा येईल म्हणाली. शेजारी सून उभी होती, डोक्यावर गवताचा भारा घेऊन.

असो. फालोपिओकडे वळू. माणूस म्हणून तो मित्रांचा मित्र होता. त्याचा एक मित्र मेल्खिओर गिलान्दिनो, वनस्पतींचा अभ्यासक, मूळचा प्रशियाचा. तो दूरच्या देशांत वनस्पती शोधायला निघाला आणि समुद्रात चाच्यांच्या तावडीत सापडला. फालोपिओनं पैसे भरून त्याला सोडवून आणलं. हा गिलान्दिनो पुढे १५६१ मध्ये पादुआच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. ते उद्यान १५४५ मधलं, अजून आहे. फालोपिओच्या नावाचं एक झुडपांचं कुळही आहे, फॅलोपिया. मुलीनं मला मोबाइलवर त्याचे फोटो काढून दाखवले, वेलासारखं पसरणारं, बारीक पांढऱ्या फुलांचं.

आणि व्हेसालियसची गोष्ट राहिली. तो तोवर पादुआ सोडून स्पेनच्या राजाच्या पदरी गेला होता. तिथे त्याच्या हाती फालोपिओचं पुस्तक पडलं. तिथे त्याला चिरफाडीला धड एक कवटीही मिळत नव्हती म्हणतात. पुस्तक हातात घेतल्यावर त्याला जुने दिवस आठवले असणार. काही महिन्यांतच, १५६१ च्या अखेरीस, त्यानं लांबलचक उत्तर लिहून काढलं. काही चुका मान्य केल्या, काही ठिकाणी वाद घातला. व्हेनिसच्या राजदूताच्या हाती ते बाड पादुआला पाठवलं. पण ते पोचायच्या आत, ९ ऑक्टोबर १५६२ रोजी, फालोपिओ पादुआला वारला. वयाची चाळिशीही गाठली नव्हती. व्हेसालियसचं उत्तर १५६४ मध्ये पुस्तकरूपानं निघालं आणि त्याच वर्षी जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना ग्रीसच्या झाकिन्थोस बेटावर व्हेसालियसही गेला. हे दोघं एकमेकांशी बोलले ते छापील कागदातून, आणि तेही अर्धवट.

पादुआत फालोपिओची जागा त्याचा शिष्य फाब्रिचिओ यानं घेतली. फाब्रिचिओच्या हाताखाली शिकला विल्यम हार्वे, ज्यानं रक्त शरीरात फिरतं हे दाखवलं. त्याच विद्यापीठानं १६७८ मध्ये एलेना कोर्नारो पिस्कोपिया या बाईला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट दिली. अशी पदवी मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री मानली जाते. फालोपिओच्या वर्गात मात्र बाई यायची ती टेबलावरच.

बंद नळीमुळे मूल होत नव्हतं अशीच एक बाई इंग्लंडमध्ये होती, लेस्ली ब्राउन. तिच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. डॉक्टरांनी ही वाटच टाळली, बीज बाहेर काढून काचेच्या भांड्यात फलित केलं आणि गर्भाशयात सोडलं. २५ जुलै १९७८ रोजी लुईझ जन्मली. आपल्या मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असंच बाळ झालं. खर्च आजही आमच्यासारख्यांना पेलण्यासारखा नाही, म्हणून नळी बंद का होते ते आधी बघावं. जंतुसंसर्ग अंगावर काढणं हे मोठं कारण. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, ओटीपोट दुखतं, तरी लाजेनं सांगत नाहीत. दुसरं कारण क्षय. फुप्फुसाचाच असतो असं नाही, नळीलाही होतो, आणि आपल्या देशात तो बऱ्यापैकी आढळतो. अडाणी हातून गर्भपात करून घेतला तर त्यातूनही.

हे सगळं मी त्या सुनेला आणि तिच्या सासूबाईंना एकत्र बसवून सांगितलं. कागदावर चित्र काढलं. माझं चित्र काही धड आलं नाही, दोन बाजूंना दोन कर्णे आणि मधे उलटं नासपती. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, एक कर्णा उघडा आहे ना? आहे म्हटलं. मग मीच त्यांना विचारलं, मुलाची तपासणी केलीत का? चार वर्षांत ती झालीच नव्हती. सासूबाई गप्प. पुढच्या मंगळवारी मात्र त्या स्वतः मुलाला घेऊन एस.टी.नं जिल्ह्याला गेल्या, सून घरी राहिली. त्याचा रिपोर्ट आला आणि त्यातही थोडी उणीव निघाली, औषधं सुरू झाली. माहेरी पाठवायचा विषय त्यानंतर आमच्या आळीत मी तरी ऐकलेला नाही.

तो पिवळा लिफाफा तिनं माझ्याकडेच ठेवायला दिला आहे, घरात कुणी उगीच हाताळायला नको म्हणून. चित्राचा कागद मात्र सासूबाईंनी मागून नेला.